मानखुर्दचा रविवारचा पीएचडीवाल्यांचा वर्ग : भाचीला आठ रविवार पाठवलं, त्याचा अनुभव

माझं मानखुर्द स्टेशनजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, आणि या वर्गाची ओळख तिथंच झाली. एका शनिवारी संध्याकाळी एक ताई आल्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि म्हणाल्या काका चोवीस सेट काढायचेत, पाठपोट. पानं बघितली तर एका सेटमध्ये खाडीच्या चिखलाबद्दल, दुसऱ्यात लोकलच्या टाइमटेबलचं गणित, तिसऱ्यात जात्यावरच्या ओव्या, चौथ्यात टीबीचे जंतू. मला वाटलं कॉलेजचं काहीतरी असेल, तर ताई म्हणाल्या नाही, नववीच्या मुलांसाठी आहे, म्युनिसिपालिटीच्या आणि आसपासच्या अनुदानित शाळांमधल्या. मी तिथल्या तिथं विचारलं, माझी भाची नववीत आहे, तिला घेता का?

तर वर्ग असा आहे. पीएचडी करणारी पोरं-पोरी रविवारी सकाळी दहा ते साडेबारा आपल्या वस्तीतल्या समाजमंदिरात येतात. एका गटात सहाच मुलं, असे चार गट. आठ रविवार. फी शून्य, वही-पेन आपलं. शिकवायचा विषय शाळेच्या पुस्तकातला नसतो, ते स्वतः ज्यावर पीएचडी करतायत तोच विषय नववीच्या पोराला झेपेल असा करून आणतात. शेवटी प्रत्येकाने मोठा निबंध लिहायचा, तो कॉलेजात तपासतात तसा तपासला जातो आणि मग ताई किंवा दादा प्रत्येक मुलाबरोबर वीस मिनिटं बसून त्या निबंधावर बोलतात. सर-मॅडम कोणी म्हणत नाही, सगळे ताई-दादाच.

भाचीला खाडीच्या चिखलाचा गट मिळाला. ती नाराज होती, तिला लोकलवालं पाहिजे होतं. पहिल्या रविवारी मी सोडायला गेलो आणि मागे बसून राहिलो, कोणी उठवलं नाही. दादा बंगाली, मराठी येत नाही, हिंदीत बोलतात. त्यांनी काचेच्या बरणीत चिखल आणला होता, ठाणे खाडीच्या काठचा, झाकण उघडलं आणि बरणी सहाही पोरांच्या नाकाखालून फिरवली. सडक्या अंड्याचा वास. विचारलं हा वास कशाचा? एक मुलगा लगेच म्हणाला नाल्याचा, गटाराचं पाणी येतं ना. दादा म्हणाले, "कैसे पता?" मुलगा गप्प. मग दहा मिनिटं फक्त त्यावरच. नाल्याचं पाणी येत नसेल तिथल्या चिखलाला वास येतो का? वरच्या थराला येतो का खालच्या? मग सांगितलं की चिखलात खाली हवा पोचत नाही, समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात, त्याचा हा वास, म्हणजे नाला नसता तरी थोडा वास आलाच असता. घाण पाण्याने त्यात भर पडते का, किती पडते, ते मोजून बघावं लागेल असं म्हणाले आणि उत्तर दिलंच नाही. मी चाळीस वर्षं तो वास घेतोय. मला कधी प्रश्नच पडला नव्हता.

मग विषय फ्लेमिंगोंवर आला. दादांनी विचारलं तुम्ही याला काय म्हणता, तर भाची म्हणाली रोहित, दुसरी मुलगी म्हणाली अग्निपंख, दादांनी दोन्ही शब्द फळ्यावर लिहून घेतले आणि स्वतःच्या वहीतपण उतरवले. ते बघून भाचीचा चेहरा जो उजळला ना! शाळेत तिला कोणी काही विचारून लिहून घेतलंय असं कधी झालं नव्हतं. पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं आणि गुलाबी रंग खाण्यातून येतो, शैवालात आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात त्यातून, हे तिने त्या दिवशी घरी येऊन माझ्या आईला सांगितलं, आईने भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. आपल्या खाडीत फ्लेमिंगोंसाठी अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. आम्ही त्या खाडीच्या काठावरची माणसं आणि हे मला झेरॉक्सच्या पानावर वाचून कळलं.

आता निबंधाचं सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे.

भाचीने आठ पानं लिहिली, मराठीत, सुवाच्य अक्षरात, मार्जिन आखून. मराठी निबंध तपासायला ती कापडी पिशवीवाली ताई होती, सातारकडची, ओव्यांवर काम करणारी. निबंध परत आला तेव्हा भाची दुकानात मशीनच्या मागे जाऊन रडत होती. मी पानं हातात घेतली. हिरव्या पेनने समासात जागोजागी एकच शब्द, "कशावरून?". मोजले, अकरा वेळा. तिने लिहिलं होतं "दरवर्षी लाखो फ्लेमिंगो येतात", बाजूला, कशावरून? कोणी मोजले, कधी? तिने लिहिलं होतं "प्रदूषणामुळे शैवाल वाढते म्हणून पक्षी येतात", बाजूला, कशावरून? आणि एका जागी तिने स्वतः शिवडीला जाऊन भरती-ओहोटीची वेळ आणि पक्षी कुठे उभे होते ते लिहिलं होतं, त्या बाजूला "हे उत्तम, हे तू पाहिलंस" आणि खाली दोन रेघा. मी तिला तेच पान दाखवलं, म्हटलं बघ, जिथे तू स्वतः बघितलंयस तिथे प्रश्न नाही. शाळेत निबंध म्हणजे सुरुवातीला सुविचार आणि शेवटी उपदेश, त्याला दहापैकी आठ मिळतात, त्यामुळे पोरीला धक्का बसणं साहजिक होतं. पण ताईने वीस मिनिटांच्या जागी पाऊण तास दिला तिला, एकेका "कशावरून?" वर बसून, आणि निबंध पुन्हा लिहायची मुभा दिली.

तेव्हापासून घरात कोणी काही बोलायची सोय नाही. आजी म्हणाली ग्रहणात जेवायचं नाही, कशावरून? मेव्हणे म्हणाले विज्ञान घेऊन मुलींना नोकरी लागत नाही, कशावरून? मेव्हणे आधी चिडले, मग म्हणाले तूच शोधून सांग.

सहाव्या रविवारी सहल होती. हार्बरने सीएसएमटी, तिथून चालत हुतात्मा चौक आणि मुंबई विद्यापीठाचा फोर्ट कॅम्पस, आत जायची परवानगी आधीच काढलेली होती. भाचीसकट बऱ्याच मुलांना राजाबाई टॉवर म्हणजे हायकोर्टाचाच भाग वाटत होता, शेजारीशेजारी आहेत ना. ताईने सांगितलं की विद्यापीठ १८५७ चं, टॉवर १८७८ ला पुरा झाला, प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं, आणि त्याच्या खाली वाचनालय आहे. आत जाऊन रंगीत काचा बघितल्या, मुलं एकदम हळू आवाजात बोलायला लागली. बाहेर येऊन एका मुलाने विचारलं इथं यायला किती पैसे लागतात. मला वाटतं त्या एका प्रश्नासाठी तरी सहल वसूल झाली.

कारण मी रोज दुकानात बघतो. दहावी-बारावीनंतर पोरं फॉर्म भरायला येतात आणि त्यांना दोनतीन नावं माहीत असतात, सीईटी, नीट, आयटीआय, बस. कालिन्याला विद्यानगरीत अणुऊर्जा विभागाबरोबर चालवलेलं विज्ञानाचं केंद्र आहे, नेस्ट परीक्षा दिली की बारावीनंतर पाच वर्षांचं एमएस्सी करता येतं, कुर्ल्याला उतरून गेलं की झालं, हे मला इतकी वर्षं फॉर्म भरूनही माहीत नव्हतं, या वर्गात कळलं. आमच्या मानखुर्दातच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ चं, देशाच्या विज्ञान ऑलिंपियाडचं काम तिथून चालतं, आणि गल्लीतल्या लोकांना विचारलं तर म्हणतील काहीतरी सरकारी ऑफिस आहे. ताई सांगत होती की २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशाचं उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के होतं, म्हणजे अठरा ते तेवीस वयाच्या शंभरांमागे साधारण अठ्ठावीस. आमच्या चाळीत मी मनातल्या मनात दारं मोजली, तेवढंही भरेना.

आता जे आवडलं नाही ते, कारण मी हे जाहिरात म्हणून लिहीत नाहीये.

सगळ्यात मोठा वांदा म्हणजे लोकलवाला दादा पाचव्या रविवारी गायब. थिसिस सबमिशन आलं म्हणे. त्याची सहा मुलं उचलून ओव्यांच्या गटात बसवली, गणिताची तयारी करून आलेली पोरं ओव्या ऐकत बसली, दोघं पुढच्या रविवारी आलीच नाहीत. मला त्या दादाचा राग नाही. ही मुलं फुकट येतात, स्वतःच्या तिकिटाने. जेआरएफ नावाची सरकारी संशोधन-शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० झालीय पण ती नेट परीक्षा काढून मिळालेल्यांना, बाकीचे कसेबसे भागवतात, आणि मुंबईत खोलीचं भाडं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. बंगाली दादा सांगत होते की इंग्लंडमध्ये द ब्रिलियंट क्लब नावाची संस्था आहे, २०११ ला दोन शिक्षकांनी सुरू केलेली, ती पीएचडीवाल्यांना आधी ट्रेनिंग देते, शिकवण्याचे पैसे देते आणि मग शाळेत पाठवते, छोटे गट, शेवटी निबंध, विद्यापीठाची भेट, सगळं यासारखंच, म्हणजे हे त्यावरूनच घेतलंय. मग घ्यायचं तर पैसे देण्याची गोष्टपण घ्या ना. मानधन असलं की माणूस अर्ध्यात सोडून जाताना दहादा विचार करतो, आणि गेलाच तर बदली माणूस शोधायला कोणीतरी जबाबदार असतं. आम्ही पालक महिन्याला पन्नास-शंभर काढू शकतो, मी ताईला तसं बोललोय.

दुसरं, मुलं शाळेने नावं पाठवतात तीच. म्हणजे पहिल्या पाचातली. भाचीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा आहे, सकाळी पेपर टाकतो, माझ्या दुकानात येऊन मशीन कसं चालतं ते तासभर बघत उभा राहतो. त्याचं नाव कोणी देणार नाही. आणि त्याला "कैसे पता?" विचारायची गरज नाही, तो आधीच विचारतो. निदान एका गटातल्या दोन जागा तरी मार्क न बघता द्याव्यात.

तिसरं, झेरॉक्सची पानं निम्मी इंग्रजीत. मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाची पोरं एकत्र आहेत, अडचण समजते, पण शेवटी छोटी शब्दांची यादी तरी द्या, अल्गी म्हणजे शैवाल एवढं. मी स्वतः टाइप करून देईन म्हटलंय.

आणि चौथं माझ्या धंद्यातलं. विद्यापीठाची स्वप्नं दाखवता तर कागदांचं पण सांगा. किती हुशार पोरं मी बघितलीत ज्यांची जागा जात पडताळणी वेळेत झाली नाही म्हणून किंवा नॉन क्रिमिलेयर जुनं निघालं म्हणून अडकली. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा फॉर्म, हे नववी-दहावीतच आई-बापाला बसवून समजावलं पाहिजे. एक रविवार त्यासाठी ठेवा, मी येतो. ताई हो म्हणालीय, पुढच्या बॅचला बघू.

कोणी पाठवू नये ते पण सांगतो. दहावीचे मार्क वाढवायचे म्हणून पाठवाल तर निराशा होईल. भाचीची गणिताची घटक चाचणी आधी होती तशीच आहे, दोन मार्क इकडेतिकडे. त्यासाठी क्लास वेगळा लावा. पोरगं घरात प्रश्न विचारायला लागलं की त्रास होतो अशा घरांनी पण विचार करून पाठवा.

पाचपैकी चार स्टार. एक त्या अर्ध्यात सुटलेल्या सहा पोरांसाठी कापला.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, जागा चोवीसच, शाळेत वर्गशिक्षकांकडे नाव द्यायचं आणि ते लक्ष देत नसतील तर रविवारी दहाच्या आधी थेट समाजमंदिरात जाऊन ताईंना भेटा, मीपण तसाच घुसलो होतो. पेपर टाकणाऱ्या त्या मुलाला घेऊन मी जाणारच आहे.

भाचीचा निबंध दुसऱ्यांदा तपासून आला. या वेळी "कशावरून?" दोनच. एक शिवडीच्या पक्ष्यांच्या संख्येवर आणि एक नाल्यावर. शनिवारी दुपारी ती त्यासाठी वाचनालयात जातेय, मी दुकान लवकर बंद करून सोबत जाणार आहे.