दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती : वर्षभराच्या वापरानंतर

इंदूरला आमच्या मंडळात गणेशोत्सवाला आणि दिवाळी पहाटेला गाणं-नाटक होतं, त्याचं शूटिंग-एडिटिंग माझ्याकडे असतं. गेल्या गणपतीपासून सगळं काम दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर चाललंय. कटिंग, रंग, आवाज, टायटल सगळं एकाच ठिकाणी, अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट, तेही वॉटरमार्कशिवाय. फुकटात एवढं मिळतं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. जे मिळत नाही ते ठाऊक असलं की वाट काढता येते.

मला सगळ्यात जास्त अडतं ते नॉइज रिडक्शन, म्हणजे अंधारातल्या चित्रावर येणारे दाणे काढायची सोय. ते ‘स्टुडिओ’ या विकतच्या आवृत्तीतच आहे. मोफत आवृत्तीत वापरलं तर चित्रावर वॉटरमार्क येतो. म्हणून अंधारातल्या क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढतो. त्यातला दाणे घालवणारा एनएलमीन्स फिल्टर ‘लाइट’वर ठेवायचा आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा करायचा. फोनचा फ्रेमरेट वरखाली होत असतो, त्यामुळे लांबलचक गाण्यात ओठ आणि सूर फारकत घेऊ शकतात. तेही इथेच मार्गी लागतं. फिल्टर फार संथ आहे, रात्री लावून झोपावं. ‘स्ट्राँग’च्या नादी मात्र लागू नका. दाणे जातात, पण त्यांच्यासोबत माहेश्वरीच्या काठावरची वीणही जाते आणि चेहरे मेणाचे दिसायला लागतात.

व्हॉइस आयसोलेशन, म्हणजे गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढायची सोय, तीही स्टुडिओतच. त्याची उणीव ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरने बरीच भरून निघते: नुसत्या पंख्याचा आवाज असलेला तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल, म्हणजे खरखरीचा नमुना घ्यायचा, मग नॉइज रिडक्शन पूर्ण ट्रॅकवर लावायचं. मैफलीत मात्र जपून. तानपुरा अखंड वाजतो, त्यामुळे तो त्या तुकड्यात आला तर सॉफ्टवेअर त्यालाही खरखर समजून पुसून टाकतं. आमचे पेटीवाले काका म्हणतात, “अरे, तानपुरा लागायच्या आधीच मशीन चालू करत जा.” अगदी खरंय. तेवढी काही सेकंदं हाताशी असली की काम होतं. मी खरखर सहा डेसिबलहून जास्त कमी करत नाही, थोडा पंखा ऐकू आला तरी चालेल.

आपोआप सबटायटल स्टुडिओत आहेत, पण बाहेर तयार केलेली सबटायटलची एसआरटी फाइल मोफत आवृत्तीतही आणता येते. ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे बोलणं ऐकून लिहून देणारं मॉडेल मराठी ओळखतं. ‘सबटायटल एडिट’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालवून फाइल करतो. निवेदन बऱ्यापैकी उतरतं. नाट्यपदांचे शब्द सरळ हाताने टाइप करावेत, दुरुस्त करत बसण्यापेक्षा लवकर होतं.

स्टुडिओची किंमत २९५ डॉलर, एकदाच भरायची. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याने खुशाल घ्यावं, त्याचा वेळ वाचेल. मंडळाने मात्र आधी रंगमंचावर समोरून दोन एलईडी पॅनल लावावेत. गायिकेच्या चेहऱ्यावर नीट उजेड पडला की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवली की दाणे येतात) खाली ठेवता येतो आणि हँडब्रेकची रात्रपाळी बरीचशी टळते.