झाकली मूठ

रिव्हॉल्वरची मूठ बदलायच्या नादात फसलो आणि 18,750 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण चार दिवस तो कुणालाच सांगितला नव्हता आणि खरी माती त्या चार दिवसांतच झाली.

मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचा, केळीच्या व्यापारातला. हंगामात रोकड घेऊन शेतोशेत फिरायचं, अंधार पडल्यावर रावेर-फैजपूर रस्त्यानं परतायचं. म्हणून पंधरा वर्षांपूर्वी रीतसर परवाना काढून कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .32 बोअरचं रिव्हॉल्वर घेतलं. जुन्या इंग्रजी वेब्लीच्या घडणीचं, वरून मोडून उघडायचं, सहा काडतुसांचं, वजनाला सातशे ग्रॅमच्या आसपास. देवाच्या कृपेनं आजवर माणसावर रोखायची वेळ आली नाही. 2024 मध्ये मात्र लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा, असं दोनदा ते पोलीस ठाण्यात जमा करून सोडवून आणलं.

दुखणं हाताचं होतं. साठी जवळ आली, अंगठ्याचं मूळ धरायला लागलं. रेंजवर बारा गोळ्या झाडल्या की रात्री ताटातली भाकरी मोडवेना. आता .32 चं काडतूस काही फार उसळणारं नाही. त्रास धक्क्याचा कमी आणि धरण्याचा जास्त. या छोट्या रिव्हॉल्वरची मूठ अशी आखूड असते, की करंगळीला जागाच उरत नाही, ती खाली लोंबकळते. त्यात घोडा न चढवता नुसता चाप ओढून गोळी मारायची तर चाप चांगलाच जड. बोट मागं ओढतं तसं अख्खं हत्यार मुठीत पिळलं जातं, आणि ते धरून ठेवायला अंगठा नि तळवा जिवापाड आवळतो. अरुंद मूठ असली की सगळा जोर अंगठ्यामागच्या एका चिंचोळ्या पट्टीवर येतो. शिवाय चापाभोवतीची कडी मधल्या बोटाच्या पेरावर टकटक आपटते ती वेगळी.

नाना म्हणाले, मूठ बदल. नाना वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर काडतुसांच्या कारखान्यात काढलं, त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत बंदुकीचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी समजावलं ते इथं लिहितो, कारण ते मी नीट ऐकलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

चांगली मूठ म्हणजे जाड मूठ, असं नाही. कडीच्या मागं जी पोकळी राहते ती भरलेली हवी, म्हणजे मधलं बोट खाली बसतं आणि पेरावरचा मार थांबतो. करंगळीला टेकायला खाली थोडी लांबी हवी. पण पाठीकडून फार जाडी वाढली तर तर्जनीचं टोक चापापर्यंत पोचत नाही, मग माणूस हत्यार हातात तिरपं धरतो आणि नेम गेलाच म्हणून समजा. रबराची मूठ धक्का गिळते, पण सदऱ्याखाली लावली तर कापडाला चिकटते, काढताना सदरा वर येतो, आणि आमच्या मे महिन्यात घामानं चिकट होते. लाकडाची गुळगुळीत मूठ कापडातून सुळकन निघते, पण ओल्या हातात फिरते. तिच्यावर बारीक चौकटी कोरलेल्या असल्या तर पकड येते, फक्त त्या फार टोकदार नकोत. शिसम किंवा अक्रोड असेल तर वर्षातून दोनदा जवसाच्या तेलाचा हात फिरवला की झालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाना म्हणाले, मूठ माणसाच्या हाताला नंतर बसते, आधी ती हत्याराच्या सांगाड्याला बसावी लागते. बाजारात बाहेरच्या देशातल्या ज्या तयार मुठी दिसतात त्यातल्या बहुतेक त्यांच्याकडच्या हत्यारांच्या मापाच्या. स्मिथ अँड वेसनची पाच गोळ्यांची छोटी रिव्हॉल्वरं 1950 पासून चालत आलेली, तिकडं त्यांच्या मुठींचा मोठा धंदा आहे. आपल्या कानपूरच्या सांगाड्याशी त्यांचं नातं नाही. पेचाचं भोक वेगळ्या जागी, पाठीचा बाक वेगळा.

हे सगळं ऐकून मी मान डोलावली आणि घरी येऊन मोबाईलवर मूठ शोधायला बसलो.

एका पानावर फोटो दिसले. काळी रबरी मूठ, बोटांच्या खाचा पाडलेली, आणि खाली लिहिलेलं: ‘सभी .32 रिव्हॉल्वर में फिट’. नानांनी नुकतंच सांगितलेलं या एका वाक्यात खोटं ठरतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. .32 हे काडतुसाचं माप, मुठीचं नव्हे. निर्भीक नावाचं रिव्हॉल्वर घ्या, 2014 मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीनं काढलेलं, पाचशे ग्रॅमचं. प्रबल घ्या, 2023 चं, बाजूला सिलिंडर उघडणारं. दोन्ही .32 आणि दोन्हींची ठेवण माझ्या हत्याराहून वेगळी. सगळ्यांना एकच मूठ बसते म्हणणारा एक तर अडाणी, नाही तर चोर. (निर्भीकची तेव्हाची किंमत 1,22,360 रुपये होती. म्हणजे जवळजवळ सव्वा लाख. मूठ झाकलेली ठेवण्याचा पुढचा प्रकार आठवला की मला त्या आकड्याचं हसू येतं.)

फोनवरचा माणूस हिंदीत गोड बोलला. ‘सेठजी, आप बस पहन के देखिए.’ मूठ काय पहनायची असते? पण त्या ‘सेठजी’नं काम केलं. 2,850 रुपये पाठवले. आठव्या दिवशी पार्सल आलंसुद्धा, आणि इथंच माझा विश्वास पक्का झाला. फसवणारा काहीच पाठवत नाही अशी माझी समजूत होती.

रिव्हॉल्वर रिकामं करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून मी जुन्या फळ्या काढल्या. दोन लाकडी फळ्या आणि आरपार एक पेच, एवढंच असतं ते. नवी मूठ लावून बघतो तर पेचाचं भोक दोन सूत खाली. पाठीकडं बोट जाईल एवढी फट. घासून बसेल म्हणून कानस लावली, रबराचा भुगा निघाला, मूठ बसली नाही ती नाहीच. वैतागून जुन्या फळ्या परत लावल्या आणि पेच रागारागानं आवळला. कट्ट. डावी फळी पेचापासून खालपर्यंत चिरली. 15 वर्षं टिकलेली फळी माझ्याच हातानं गेली. पेच बोटानं लागेल तेवढा लावून वर पाव फेरा द्यायचा असतो, हे नानांनी नंतर सांगितलं. पेचकसही पेचाच्या खाचेत गच्च बसणाराच हवा, माझा शिलाई मशीनचा होता.

फोन केला तर पलीकडून माफीच माफी. ‘गलती से दूसरा साइज चला गया, सेठजी. आपका वाला बाहर से मंगवाना पड़ेगा.’ कागदपत्रांसाठी परवान्याची सगळी पानं, हत्याराचा क्रमांक दिसेल असा फोटो आणि 4,900 रुपये शुल्क. मी सगळं पाठवलं. परवान्यावर माझा फोटो, पत्ता, ओळख क्रमांक, हत्याराचा क्रमांक. म्हणजे या घरात, या कपाटात, अमुक एक रिव्हॉल्वर आहे, हे मी स्वतःच्या हातानं एका अनोळखी माणसाला लिहून दिलं. पैशांचं आज फारसं काही वाटत नाही. हे मात्र अजून झोपेत आठवतं.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल. खाकी गणवेश, मागं झेंडा, टेबलावर फायली. मुंबई कस्टममधून बोलतो म्हणाला. तुमच्या नावावर परदेशातून शस्त्राचा भाग विनापरवाना आलाय. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात, हे माहीत आहे का? मला माहीत होतं, कारण ते खरं आहे. या लोकांचं कसब इथंच असतं, शंभरातल्या साठ गोष्टी खऱ्या सांगतात. मग आवाज खाली आणून म्हणाला, तुमच्या जिल्ह्यात उमर्टीचे कट्टे पकडतात ना, त्याच गुन्ह्याच्या चौकशीत तुमचा परवाना क्रमांक निघालाय.

बाहेरच्या वाचकांना या एका शब्दाचं वजन कळणार नाही. चोपड्याच्या वर, सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीवर उमर्टी आहे. तिकडून येणारे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आमच्याकडं नेहमीच्या. परवानाधारक माणूस त्या बातम्यांपासून चार हात लांब राहतो. माझं नाव त्या यादीत? हातपाय गार पडले. परवान्याचे सगळे आकडे तो धडाधड वाचून दाखवत होता. ते त्याला मीच दिलेत, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही.

11,000 रुपये अनामत भरा, चौकशी संपली की परत. घरी कुणाला सांगू नका, गोपनीय बाब आहे. भरले. एका खासगी माणसाच्या खात्यावर भरले. संध्याकाळी परत फोन, आता दोन लाख. तेव्हा मी बँक बंद असल्याचं सांगून मोबाईल बंद केला आणि गोधडीत शिरलो.

पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 ला ‘मन की बात’मध्ये नेमकं हेच सांगितलं होतं. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरची अटक, असं कायद्यात काही नाही, थांबा, विचार करा, मग कृती करा. मी वखारीत बसून ते ऐकलं होतं, हमालांना चार शब्द सुनावलेही होते. मग आता कुठल्या तोंडानं सांगणार? घरात ही विचारत होती, जेवत का नाही. पुण्याहून मुलगा फोन करत होता, पप्पांचा मोबाईल बंद का. सगळ्यांना एकच उत्तर, दात दुखतोय.

पाचव्या दिवशी बामणोदच्या शेतात भरताचा बेत होता. थंडीतलं भरीत, काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या, आणि मी केळीच्या पानाकडं बघत बसलेलो. नानांनी बाजूला घेतलं. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, “तुले कायले लाज वाटते रे भो? लाज त्याले वाटाले पायजे.” तिथूनच, शेताच्या बांधावरून, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा जो 1930 क्रमांक आहे त्याला फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? चार दिवस झाले म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प बसल्या. त्यांचं म्हणणं, तासाभरात कळवलं असतं तर पैसे वाटेतल्या खात्यात गोठवायला वाव होता. चार दिवसांत ते कितीतरी खात्यांतून पुढं गेलेले असतात. तरी 11,000 पैकी 3,200 एका खात्यात अडकलेले सापडले. बाकीचे गेले.

ठाण्यातल्या शिपाई ताई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी न ओरडता समजावलं. कस्टम खातं लेखी नोटीस काढतं, व्हिडिओवर कुणाला अटक करत नाही आणि कुणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाही. मग म्हणाल्या, “काका, पैशांची तक्रार झाली. आता परवान्याचा फोटो बाहेर गेलाय त्याचा वेगळा अर्ज द्या, इथं एक आणि जिल्हाधिकारी कार्यालयात एक.” ते मला सुचलंच नसतं. उद्या त्या क्रमांकावर कुणी खोटा कागद बनवला तर माझा अर्ज तारखेनिशी आधीच नोंदलेला असावा, म्हणून. दोन्हीकडं पोच घेतली. कपाटाचं कुलूपही बदललं.

चिरलेली फळी परवानाधारक विक्रेत्याकडंच नेली. हत्यार विकायला जसा परवाना लागतो तसा दुरुस्त करायलाही लागतो, तेव्हा ओळखीचा सुतार असला तरी रिव्हॉल्वर त्याच्या हातात द्यायचं नाही. विक्रेत्यानं परवाना बघितला, वहीत नोंद केली, पावती दिली. माझा हात कागदावर ठेवून आखला, रिकामं हत्यार हातात देऊन चापावर बोटाचं टोक कुठं येतं ते पाहिलं. मग शिसमाच्या दोन फळ्या बसवून दिल्या, करंगळीपुरती लांब, कडीमागं भरलेली. क्रमांक कुठं झाकला जात नाही ना, तेही दाखवलं. खर्च 2,200, म्हणजे त्या रबरी डबड्यापेक्षा कमीच. फळ्या तयार होईपर्यंत नानांनी चिरलेल्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटं तुकडा चढवून दिला होता. खरं सांगायचं तर अंगठ्याला त्यानंही बराच आराम पडला. सहा गोळ्या झाडल्या आणि घरी येऊन भाकरी मोडली.

महिन्याभरानं अनोळखी क्रमांकावरून फोन आला. आम्ही सायबर वसुली विभाग, तुमचे 15,550 रुपये सापडलेत, 2,000 फी भरा, लगेच खात्यात टाकतो. आकडा बिनचूक, 18,750 वजा 3,200. परवाना क्रमांकही त्याला तोंडपाठ. नाना शेजारीच बसले होते. मी काही न बोलता फोन त्यांच्या हातात दिला, आणि नानांनी त्याला पंचवीस मिनिटं शुद्ध लेवा बोलीत केळीचा भाव, करप्याचा रोग आणि त्यांच्या गुडघ्याची कथा सांगितली. शेवटी त्यानंच फोन ठेवला.