पावसाआधी नवी गाडी: वॅक्स की सिरॅमिक?

मे महिन्यात नवी गाडी दारात आली की आमच्या डिचोलीकडे पहिला प्रश्न हाच: रंग जपायला वॅक्स की सिरॅमिक? गोव्यात पाऊस साधारण 5 जूनच्या आसपास सुरू होतो, म्हणजे हातात दिवस थोडेच.

कार्नोबा वॅक्स, म्हणजे एका ताडाच्या पानांचं मेण, स्वस्त, आणि सावलीत गाडी लावून स्वतःच्या हाताने चढवता येतं. पण थर टिकतो फार तर दोन-तीन महिने, आपल्या धो धो पावसात त्याहूनही कमी. चतुर्थीच्या आत डबा पुन्हा उघडावा लागतो.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे लावल्यावर कडक होणारा द्रव; ते क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, घट्ट धरून बसतं. नीट लावलं आणि सांभाळलं तर दोन-तीन वर्षं जातात. बॉनेटवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात आणि घरंगळतात, लाल चिखल पाइपच्या धारेने बराचसा सुटतो. खरी मेहनत मात्र त्याआधीची. नव्या गाडीवरही धुण्या-पुसण्याचे बारीक ओरखडे असतात, उन्हात तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. पॉलिश करून ते काढले नाहीत, तर कोटिंगखाली तसेच अडकून बसतात. शिवाय पहिले 24 तास पाण्याचा थेंब नको, आठवडाभर शाम्पू नको. म्हणून हे काम जूनवर ढकलू नका.

ट्रकच्या चाकातून उडालेला खडा दोन्ही अडवत नाहीत.

गाडी उघड्यावर, आंब्याखाली राहत असेल तर मी सिरॅमिकच सांगेन. तरी पक्ष्यांची घाण आणि चीक त्याच दिवशी पुसा. शेड असेल तर वॅक्स पुरे. वाचलेले पैसे गाडीच्या पोटाला अँटी-रस्ट मारण्यात घाला, किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी तर नक्कीच.