शातो लाफित की शातो लातूर?

फ्रान्समधल्या बोर्दोच्या पोइयाक गावातल्या या दोन वाइन्सपैकी एकच बाटली घ्यायची असेल, तर जुनी प्रतवारी उपयोगी पडत नाही. १८५५ च्या यादीत दोन्ही पहिल्याच श्रेणीत आहेत. अठराव्या शतकात तर दोन्ही बागांचा मालकही एकच होता, निकोला-अलेक्सांद्र द सेग्युर.

फरक आहे तो जमिनीचा. लातूर पोइयाकच्या दक्षिण शिवेवर, जिरोंद नदीच्या अगदी जवळ. तिचा गाभा म्हणजे ‘लांक्लो’ हा ४७ हेक्टरांचा तुकडा. जाड गोट्यांखाली चिकणमाती असल्याने कोरड्या उन्हाळ्यातही वेलींना ओल मिळते आणि नदीच्या उबेमुळे हिवाचा तडाखा कमी बसतो. म्हणूनच इतरांची वाइन पातळ उतरते त्या वर्षीही लातूर दमदार निघते. काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं भरपूर, रंग गडद, टॅनिन म्हणजे तुरटपणा घट्ट. चांगल्या सालाची बाटली पंधरा-वीस वर्षं तरी उघडू नये.

लाफित उत्तरेला, शेजारच्या सेंत-एस्तेफ गावाला लागून. १८६८ पासून ती रॉथशिल्ड घराण्याकडे आहे. तिची ताकद आहे सुगंधात: शिसपेन्सिल, सीडरचं लाकूड, मागून हलकेच येणारं काळं फळ. अंगाने सडपातळ, पण चव जिभेवर कितीतरी वेळ रेंगाळते. मला स्वतःला हीच अधिक भावते. मात्र कोवळी असताना ती इतकी अबोल असते, की पहिल्यांदा पिणाऱ्याला एवढे पैसे कशाचे दिले तेच कळत नाही.

तुमची पहिलीच मोठी बाटली असेल, तर माझं मत लातूरला. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. लाफित अजूनही पिंपात असतानाच आगाऊ विकली जाते; नंतर ती कुठे, कशी ठेवली गेली हे आपल्याला सहसा कळत नाही. फ्रेंच उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांच्या मालकीच्या लातूरने २०१२ पासून आगाऊ विक्री बंद केली. आता वाइन त्यांच्याच तळघरात मुरते आणि पिण्याजोगी झाली असं त्यांना वाटलं की बाजारात येते. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे वाइनचा फ्रिज नाही, त्यांनी हा मुद्दा हलका धरू नये.

बजेट तेवढं नसेल, तर दोघांची ‘दुसरी वाइन’, म्हणजे त्याच बागेची मुख्य वाइनखालची स्वस्त बाटली पाहा. लाफितच्या ‘कारुआद’ची किंमत चिनी मागणीने फुगवली. १९६६ च्या सालापासून निघणारी लातूरची ‘ले फोर द लातूर’ पैशाला जास्त जागते.