खरेदीखताच्या दिवशी दाखवलेली घरपट्टीची पावती

पुण्यातल्या एका जुन्या फ्लॅटचा हिशेब धरू. वर्षाचा मिळकतकर 18,250 रुपये, म्हणजे दिवसाला 50. खरेदीखत 15 डिसेंबरला. 1 एप्रिल ते 14 डिसेंबर हे 258 दिवस विकणाऱ्याचे, त्याचे 12,900. उरलेले 107 दिवस घेणाऱ्याचे, 5,350. विकणारा म्हणतो, "वर्षाचा कर भरलाय, तुमच्या वाट्याचे तेवढे द्या." आकडा बरोबर, पावतीही खरी. निबंधक कार्यालयाबाहेर एजंट घाई करत असतो, त्यामुळे पैसे रोख दिले जातात.

पावती नीट वाचली असती तर दिसलं असतं की ती 9,125 ची आहे, एकाच सहामाहीची. दुसरी भरलेलीच नाही. खरं तर विकणाऱ्यानेच 3,775 रुपये द्यायला हवे होते. आता 5,350 गेले ते गेलेच, वर 9,125 भरा, आणि मुदत टळली की दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड.

दुसरा प्रकार याहून वाईट. पावती पूर्ण रकमेची, पण चेकने भरलेली. "धनादेश वटल्यास ग्राह्य" ही बारीक ओळ कोणी वाचत नाही. चेक परत गेला की रक्कम पुन्हा थकबाकीत चढते, पावती मात्र विकणाऱ्याच्या फाइलमध्ये तशीच राहते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर विक्रीच्या तारखेपर्यंतचा कर विकणाऱ्याने भरायचा. पण महापालिकेच्या कराचा पहिला बोजा मिळकतीवर असतो. घर ज्याच्या ताब्यात, वसुलीची नोटीस त्याच्या दारावर लागते. विकणारा तोवर घर सोडून गेलेला असतो.

म्हणून पावतीवर विसंबू नका. मिळकत क्रमांक टाकून पालिकेच्या संकेतस्थळावर थकबाकी स्वतः बघा, टोकन देण्याआधी एकदा आणि नोंदणीच्या सकाळी पुन्हा. क्रमांक बिलावरून घ्या आणि पत्ता जुळतो का तेही बघा. शेजारच्या फ्लॅटची पावती दाखवल्याचेही प्रकार होतात. थकबाकी नसल्याचा दाखला विकणाऱ्यालाच आणायला सांगा. मुंबईत बऱ्याच इमारतींचं बिल सोसायटीच्या नावावर येतं, तिथे सोसायटीकडून लेखी घ्या.

खरेदीखतात तारीख घालून लिहून घ्या: अमुक दिवसापर्यंतचा कर, शास्ती आणि मागच्या काळाची वाढीव आकारणी निघाली तर तीही विकणाऱ्याची. बाकी निघत असेल तर तेवढी रक्कम कापून स्वतः भरा. कर्ज असेल तर बँकेचा चेक थेट विकणाऱ्याला जातो, तेव्हा ही रक्कम आपल्या हिश्श्यातूनच मागे ठेवावी लागते. रोख काहीही देऊ नका.

फसवणूक उघड झाली असेल तर आधी थकबाकी भरून टाका, कारण शास्ती भांडण मिटेपर्यंत थांबत नाही. मग ती भरल्याच्या पावतीसह विकणाऱ्याला वकिलामार्फत वसुलीची नोटीस पाठवा.