गोर्लेबेनची एक दिवसाची टूर : जंगलाला पाच स्टार, ब्रसेल्सला दोन

आधीच सांगते, टूरवाल्यांचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण दोन-तीन गोष्टींवरून मी चिडलेय, पण माणसं मुळात चांगली आहेत, धंदा छोटासा आहे, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. ज्याला जायचंय त्याला शोधल्यावर अशा टूर सापडतातच.

आम्ही राहतो हॅम्बुर्गला. टूरच्या वर्णनात लिहिलं होतं की ग्रीन पक्षाच्या रेबेका हार्म्स उत्तर जर्मनीतल्या गोर्लेबेन गावच्या अणुविरोधी आंदोलनातून युरोपियन पार्लमेंटपर्यंत, म्हणजे ब्रसेल्सपर्यंत, कशा पोचल्या ते प्रत्यक्ष जागांवर नेऊन दाखवणार, सहा तास, मिनीबस, कॉफी आणि केक धरून माणशी ५८ युरो. नवरा म्हणाला एवढ्यात आपण दोघं पोटभर जेवून येऊ. तरी आला, कारण ट्रेन.

आणि ट्रेन खरंच भारी आहे. ल्युनेबुर्गला गाडी बदलून डानेनबेर्ग ओस्टची छोटी गाडी पकडायची, एकच रूळ, दिवसात मोजक्याच फेऱ्या, चुकली तर बसा बोंबलत. दोन्हीकडे जंगल, मधे हिट्झाकर लागतं आणि मग डानेनबेर्गला लाईन संपते. उतरल्यावर वाटतं इथे काय आहे बघण्यासारखं, एक ओसाड प्लॅटफॉर्म आणि पार्किंग. गाईडबाई तिथेच उभ्या होत्या, साठीच्या पुढच्या, पायात गमबूट, गळ्यात पिवळ्या लाकडी फुलीचं लॉकेट. हॅलो वगैरे झालं आणि पहिलंच वाक्य काय, तर तुम्ही आत्ता ज्या रुळावरून आलात त्यावरूनच कॅस्टर यायचे!

कॅस्टर म्हणजे अणुकचऱ्याचे अवाढव्य लोखंडी डबे. बहुतेक फ्रान्समधल्या ला हागहून ट्रेननं डानेनबेर्गपर्यंत यायचे, इथे क्रेननं उचलून ट्रकवर चढवायचे आणि पुढचे साधारण वीस किलोमीटर रस्त्यानं गोर्लेबेनच्या गोदामात. पहिला डबा १९९५ साली आला, शेवटची खेप नोव्हेंबर २०११ मध्ये, एकूण ११३ डबे आजही तिथल्या शेडमध्ये उभे आहेत. त्या शेवटच्या खेपेला फ्रान्सहून इथवर यायला पाच दिवसांच्या वर लागले, कारण जागोजागी लोक रुळावर बसलेले, आणि हिट्झाकरजवळ तर चार शेतकऱ्यांनी रुळावर काँक्रीटचा पिरॅमिड आणून त्यात स्वतःला अडकवून घेतलं, पोलिसांना ते काढता काढता घाम फुटला. हे सगळं बाईंनी प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या सांगितलं, हातात कागद नाही, फोन नाही. इथेच माझे पैसे वसूल झाले असं वाटलं. (पूर्ण नाही झाले, ते पुढे येतं.)

मग मिनीबस. नऊ जणांची गाडी, आम्ही आठ पॅसेंजर, हेडसेट दिले होते, त्यातले तीन चार्जच केलेले नव्हते आणि एक अर्थातच माझा. तक्रार केली तर ड्रायव्हर म्हणतो खिडकीकडच्या बाईंचा एक कान घ्या. अहो, ५८ युरो घेता!

पण बाहेर बघितलं की राग निवळतो. या भागाला वेंडलँड म्हणतात, जिल्हा ल्युशो-डानेनबेर्ग, लोकसंख्या पन्नास हजारांच्याही आत, गावं गोल, म्हणजे मधे मोकळं आवार आणि भोवती घरं गोलाकार, सगळ्यांची तोंडं आवाराकडे. फाटकांवर, कोठारांच्या भिंतींवर अजून पिवळ्या फुल्या दिसतात, दोन फळ्या ठोकून केलेल्या, काहींचा रंग पार उडालेला. ही फुली म्हणजे ‘एक्स’ दिवस, ज्या दिवशी कॅस्टर येणार तो दिवस. एका फाटकावरची फुली कोणीतरी नुकतीच रंगवलेली होती, रंग अजून चिकट असावा कारण त्यावर एक माशी अडकून बसलेली. फोटो काढला. नवऱ्याला वाटलं मी वेडी आहे.

आता हार्म्स. १९५६ चा जन्म, उएल्झेनजवळचं हामब्रोक नावाचं खेडं, म्हणजे अगदी याच पट्ट्यातल्या, आणि शिक्षण बघाल तर रोपवाटिका आणि बागकामाचं. वकील नाही, प्रोफेसर नाही. २२ फेब्रुवारी १९७७ ला लोअर सॅक्सनीचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेश्ट यांनी जाहीर केलं की गोर्लेबेनला अणुकचऱ्याचं मोठं केंद्र होणार, खाली मिठाचा प्रचंड थर आहे त्यात कचरा कायमचा पुरणार आणि वर इंधनावर पुनर्प्रक्रियेचा कारखाना. जागा ही का, तर माणसं कमी आणि पूर्व जर्मनीची सीमा हाकेच्या अंतरावर. त्याच वर्षी इथल्या लोकांनी नागरिकांची समिती काढली आणि हार्म्स तिच्या संस्थापकांपैकी एक, वय वीस.

मग गाडी जंगलात. ते मीठ तपासायला ड्रिलिंग करायचं ठरलेल्या १००४ नंबरच्या जागेवर. ३ मे १९८० ला इथे लोकांनी जागा अडवून लाकडाचं आख्खं गाव उभं केलं, नाव ठेवलं ‘फ्री रिपब्लिक वेंडलँड’, स्वतःचा रेडिओ, दहा मार्कला स्वतःचा पासपोर्ट, तेहतीस दिवस चाललं आणि ४ जूनला पोलिसांनी येऊन सगळं जमीनदोस्त केलं. तेव्हा सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या युवा संघटनेचा एक तरुण अध्यक्षही इथे येऊन गेला, गेरहार्ड श्र्योडर, जो पुढे चान्सलर झाला आणि त्यानंतर रशियन गॅस पाईपलाईनच्या कामाला लागला. हार्म्स त्याच पाईपलाईनच्या दुसऱ्या टप्प्याच्या कट्टर विरोधात. बाई एवढं सांगून गप्प बसल्या, वर एक शब्द नाही, आणि आमच्या गटातले दोन वयस्क जर्मन असे काही हसले की काय सांगू.

आता तिथे बघायला काही नाही हो, पाइनची झाडं, वाळू, एक पाटी. पण बाईंनी आम्हाला दोन मिनिटं शांत उभं केलं आणि मग झाडांमधून बोट करत करत सांगितलं, स्वयंपाकघर इथे होतं, टॉवर तिथे, पोलीस त्या बाजूनं आले. त्या स्वतः होत्या का विचारलं तर म्हणाल्या, मी अंडी पोचवायचे. बास! मोठमोठ्या भाषणांपेक्षा हे अंडी पोचवणं माझ्या डोक्यात जास्त बसलं.

आता तक्रार नंबर एक, आणि हीच मोठी. जंगल आणि स्टेशन यात साडेचार तास गेले आणि ब्रसेल्स कुठे? तर कॅफेत. केकच्या प्लेटा आल्या, लॅमिनेट केलेले सहा फोटो टेबलावर फिरवले आणि वीस मिनिटांत पंधरा वर्षं उरकली. १९९४ ला राज्याच्या विधानसभेत, १९९८ पासून तिथे गटनेत्या, २००४ ते २०१९ युरोपियन पार्लमेंट, २००९ नंतर तिथल्या ग्रीन गटाच्या सहअध्यक्ष, आधी कोन-बेंडिट सोबत, मग फिलिप लाम्बेर्ट्स सोबत, २०१६ ला ते पद सोडलं. संपलं. आणखी केक?

अहो, मी तर त्यासाठीच आले होते. जंगलातून पार्लमेंटमध्ये जाणं म्हणजे शिडी चढल्यासारखं सांगतात सगळेच, पण हार्म्सबाईंचं तसं सरळ नाहीच. मी आधी वाचून गेले होते म्हणून माहीत, त्या ब्रसेल्सला पहिल्यांदा खासदार म्हणून गेल्याच नाहीत. १९८४ मध्ये उंडीने फॉन ब्लोटनिट्स, ह्याही गोर्लेबेनच्याच आंदोलनातल्या, युरोपियन पार्लमेंटवर निवडून आल्या आणि हार्म्स त्यांच्या असिस्टंट म्हणून गेल्या, फायली, भाषणं, मीटिंगा. चार वर्षांनी परत वेंडलँडला, आणि मग चक्क डॉक्युमेंटरी बनवायचं काम इथल्याच एका फिल्म सहकारी संस्थेत. म्हणजे एकदा दिल्ली गाठली की परत फिरायचं नसतं असं जे आपल्याला वाटतं ना, त्याच्या उलट. टूरमध्ये याचा उल्लेख अर्ध्या वाक्याचा.

आणि चेर्नोबिल! १९८६ चा अपघात, १९८८ ला हार्म्स पहिल्यांदा युक्रेनला गेल्या आणि तो धागा शेवटपर्यंत सुटला नाही. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या एका गटानं म्हटलं की अपघातामुळे एकूण मृत्यू चार हजारांपर्यंत जातील, तर २००६ मध्ये हार्म्सनी दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांकडून वेगळा रिपोर्ट करून घेतला, त्यात कॅन्सरचे जादा मृत्यू ३० ते ६० हजार असा अंदाज आला. आकड्यांवरून भांडण आजही आहे, पण जंगलातल्या आंदोलनातला माणूस पार्लमेंटमध्ये जाऊन काय वेगळं करू शकतो ते इथे दिसतं, पाटी घेऊन उभं राहायच्या ऐवजी रिपोर्ट मागवता येतो. मग सप्टेंबर २०१४, युक्रेनियन पायलट नादिया सावचेन्कोच्या खटल्याला हजर राहायला मॉस्कोला गेल्या तर एअरपोर्टवरूनच परत पाठवलं. हे मी टेबलावर बोलले तर बाई म्हणाल्या, हो हो, बरोबर, तुम्हीच सांगा ना बाकीच्यांना. आता मी पैसे देऊन आलेय की घेऊन?

नवऱ्यानं मात्र चांगला प्रश्न विचारला (एरवी विचारत नाही). म्हणाला, त्या पार्लमेंटमध्ये गेल्या म्हणून अणुऊर्जेवर काही फरक पडला का? तर युरोपात अणुऊर्जेचा करार वेगळा आहे, १९५७ चा युराटॉम, त्यात पार्लमेंटला मत मांडता येतं पण निर्णय करता येत नाही, सगळं सरकारांच्या हातात. म्हणजे ज्या विषयासाठी गेल्या नेमक्या त्यातच हात बांधलेले, वर २०१४ च्या पार्लमेंटमध्ये ७५१ जागांपैकी ग्रीन गटाच्या जागा ५०. यावर खरंतर तासभर बोलायला हवं होतं. बाई म्हणाल्या हा प्रश्न मला कोणी विचारत नाही. मग टूरच्या वर्णनात पार्लमेंटचं नाव कशाला घालता?

तक्रार नंबर दोन, कॉफी पाणीदार. प्लमचा केक मात्र असा की मी रेसिपी मागितली, दिली नाही.

शेवटचा थांबा, मीठ तपासायला खोदलेल्या खाणीचं कुंपण. बाहेर ग्रीनपीसचं जुनं जहाज ‘बेलुगा’ जमिनीवर आणून ठेवलंय, समुद्रापासून एवढ्या लांब पाइनच्या जंगलात जहाज, बघूनच हसू येतं. सप्टेंबर २०२० मध्ये कचरा पुरायच्या जागांच्या यादीतून गोर्लेबेन बाद झालं, कारण भूगर्भशास्त्रज्ञांनाच ते मीठ पुरेसं भरवशाचं वाटेना, आणि एप्रिल २०२३ मध्ये देशातल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्याही बंद झाल्या. बाईंनी इथे मघाचे आल्ब्रेश्ट परत काढले, ज्यांनी १९७७ ला बोट ठेवलं ते. त्यांची मुलगी म्हणजे उर्सुला फॉन डेर लायन, युरोपियन कमिशनची अध्यक्ष, आणि ती त्या खुर्चीवर आली २०१९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी हार्म्स पार्लमेंटमधून बाहेर पडल्या त्याच वर्षी. गाडीत सगळे एकदम बोलायला लागले. ब्रसेल्सच्या वीस मिनिटांत सांगण्यासारखी गोष्ट ही होती, ती कुंपणापाशी जाता जाता सांगितली.

एकूण साडेतीन स्टार. गाईडला पाच, हेडसेटला शून्य, ब्रसेल्सला दोन. जर्मन जेमतेम येत असेल तर जाऊ नका, बाई भरभर बोलतात आणि मधेच इथल्या बोलीत घुसतात. जाणार असाल तर हार्म्सबद्दल घरूनच वाचून जा, परतीच्या ट्रेनची वेळ आधी बघून ठेवा, आम्हाला स्टेशनवर सव्वा तास बसावं लागलं आणि तिथे साधं चहाचं मशीनही नाही. आणि पूर्ण पँट घाला, मोजे वर ओढून. बाईंनी जंगलात शिरताना सांगितलं होतं, मी ऐकलं नाही (तोच बंद हेडसेट), घरी येऊन बघते तर गुडघ्यामागे गोचीड.