नव्या पितळेला जुना रंग: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आजोळचा वाडा पाडायला दिला तेव्हा तिथलं सागवानी कपाट मी कोथरूडच्या घरी आणलं. खणांच्या दहा पितळी मुठींपैकी सहाच उरल्या होत्या. वरच्या फुगवट्यावर हात फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या, खाचांत काळपट, एकूण रंग जुन्या गुळाचा. बोहरी आळीतून त्याच घाटाच्या पाच नव्या आणल्या, चार लावायला आणि एक प्रयोगाला. शेजारी ठेवल्या तर नव्या मुठी अक्षरशः डोळ्यांत खुपत होत्या. फेब्रुवारीत त्यांना जुनं करायला घेतलं. आता दसरा झालाय, मधे अख्खा पावसाळा गेलाय, म्हणून आता लिहिते.

दुकानात जाताना लोहचुंबक बरोबर न्या. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. त्यावर हे काही करू नका, मुलामा निघून खालचं लोखंड गंजायला लागतं.

पहिले दोन दिवस माझे वायाच गेले. मूठ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, पण रंग तसूभर बदलला नाही. कारण नव्या पितळेवर चमक टिकावी म्हणून पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. ते अ‍ॅसिटोनवाल्या नेलपॉलिश रिमूव्हरने आणि जुन्या टूथब्रशने काढावं लागतं. मग साबणाने धुवायचं आणि पाण्याचा थेंब टाकून बघायचं. पाणी सगळीकडे पसरलं तर धातू उघडा झाला, थेंब गोळा होऊन बसला तर अजून घासा. यानंतर उघड्या बोटांनी धरू नका, बोटांच्या तेलाचे डाग रंगात तसेच उमटतात.

मीठ आणि व्हिनेगर हा सगळ्यात सोपा उपाय. पाचव्या मुठीला भिजवलेल्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेवलं, सकाळी निळसर हिरवी! मला फार आवडली होती. पण हा हिरवा थर भुकटीसारखा सुटतो. जुलैच्या दमट हवेत तो ओलसर झाला आणि ओढणीला डाग पडले. शिवाय हे तांब्याचे क्षार पोटात जायला नकोत, त्यामुळे स्वयंपाकघरात आणि लहान मुलांच्या हाताशी ही पद्धत मी कधीच वापरणार नाही.

मला हवा होता तो रंग अमोनियाच्या वाफेने आला. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला वाटीभर अमोनियाचं द्रावण, वर जाळी, जाळीवर मुठी. मुठी द्रावणात बुडवायच्या नाहीत. डबा बाल्कनीत ठेवला आणि तासातासाने नाक लांब ठेवून पाहत गेले. आधी चमक मेली, मग मधासारखा, मग गुळासारखा तपकिरी. संध्याकाळी धुऊन घेतल्या. जवळपास ब्लीच अजिबात नको, दोन्ही मिळून विषारी वायू तयार होतो.

आणखी एक जपायचं. वजन पेलणारे पितळी स्क्रू किंवा बिजागऱ्या या डब्यात घालू नका. ताणाखाली असलेलं पितळ अमोनियाने तडकतं. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात ऐन पावसाळ्यात अशीच तडकायची, कारण ती तबेल्यांत ठेवलेली असायची आणि घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा. म्हणून मी फक्त मुठींना रंग दिला.

लोखंडी स्क्रूंना व्हिनेगर, मीठ आणि मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं, काही मिनिटांत गंज धरला. मग कडक कोऱ्या चहात बुडवले की चहातल्या टॅनिनमुळे काळे होतात. हे मिश्रण उघड्या हवेत, लागेल तेवढंच करा, बाटलीत भरून ठेवू नका. शेवटी सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून तेल लावलं नाही तर गंज वाढतच जातो.

तरीही नव्या मुठी सपाट दिसत होत्या, सगळीकडे एकच रंग. तांबट आळीत मठारलेली जुनी भांडी पाहिली तेव्हा लक्षात आलं: ठोक्यांचे खळगे काळे होते, उंचवटे उजळ. घरी येऊन ओल्या कापडावर चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन फक्त फुगवटे घासले. त्या एका कामाने जितका फरक पडला तितका कुठल्याच रसायनाने पडला नव्हता. मग हेअर ड्रायरने कोमट करून मधमाश्यांचं मेण चोळलं. चारही मुठी पावसाळाभर तशाच राहिल्या.

दसऱ्याच्या साफसफाईत कामाच्या मावशींनी एक मूठ चिंचेने घासली. "ताई, बघा कशी लख्ख झाली!" त्यांनी मायेने केलं होतं, मी आधी सांगायला हवं होतं. पाच मिनिटांत सगळा तपकिरी थर गेला, इतका तो पातळ असतो. ती मूठ परत डब्यात घातली, पण या खेपेला ऑक्टोबरच्या उन्हात रंग लवकर चढला आणि शेजारच्या मुठीपेक्षा जरा गडद झाली. ती सगळ्यात खालच्या खणाला लावलीय. तो खण रोज उघडला जातो, फुगवटा आतापासूनच उजळायला लागलाय.